गेजच्या पेटीतलं लाटणं

बाबा, आज सकाळी तुमची गेजची पेटी उघडली. तीच ती लांबट पत्र्याची, कडीच्या जागी तार वळवलेली, आत तुमच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेलं, इंजिनातला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. तेवढ्या काळात ही पेटी माळ्यावरून ट्रान्झिटच्या खोलीत गेली आणि तिथून आपल्याच चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आली, पण मी ती उघडली नव्हती. उचलून ठेवली, पुसली, एकदा तर आईशी भांडून भंगारवाल्याच्या हातून परत घेतली. उघडली मात्र नाही. का, ते सांगायलाच बसले आहे, पण ते लगेच जमायचं नाही. आधी गाडीचं सांगते. तुमच्याशी गाडीचं बोलणं मला नेहमीच सोपं गेलं.

तर माझ्याकडे गाडी आहे. हसू नका. आईचे गुडघे गेले, टॅक्सीत चढता-उतरता तिचा जीव जायचा, म्हणून चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. हायब्रिड म्हणतात तिला. पेट्रोलचं इंजिन आहे आणि सोबत विजेची मोटरही आहे, आणि दोघांपैकी कोणी कधी राबायचं ते गाडीच ठरवते. किल्ली फिरवायची भानगड नाही. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं, समोर दिवा लागतो, आवाज काहीच नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा बटण दाबलं, कारण सुरू झालीय हे मला कळलंच नाही. तुम्ही असता तर बॉनेट उघडून, नारिंगी वायरींचं ते जाळं बघून, बॉनेट परत लावलं असतंत आणि म्हणाला असतात, हिला डॉक्टर लागेल, मेकॅनिक नाही.

महिनाभर झाला, सकाळी तिचं इंजिन जागं होताना गाडी गदगदा हलते. मग थोड्या वेळाने शांत होते. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे सगळं चकाचक, जमिनीवर तेलाचा एक डाग नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ टॅब घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, कॉम्प्रेशन कमी आहे. इंजिन उघडावं लागेल. इथे सही करा.’’ बाबा, हेच शब्द. ‘कॉम्प्रेशन कमी आहे, इंजिन उघडावं लागेल.’ चाळीस वर्षांत हे वाक्य माझ्या कानावर पडलं नव्हतं. मी विचारलं, ‘‘टेस्ट घेताना थ्रॉटल पूर्ण उघडा होता का? एक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला?’’ त्यांनी माझ्याकडे जरा नीट बघितलं. माझ्या वयाच्या, पर्स सांभाळत बसलेल्या बाईने हे विचारावं याची त्यांना गंमत वाटली असावी. म्हणाले, ‘‘ते सगळं कॉम्प्युटर बघतो, मॅडम. यात पायाचा काही संबंध नसतो.’’

मी त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. त्यांनी दिलेली कॉफी गार झाली तरी मला उठता येईना. मग उद्या सांगते म्हणून गाडी घेऊन घरी आले. कोणाच्या तरी शब्दावर इंजिन उघडायला हो म्हणणं मला शक्यच नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल तसं मला आठवतं. रविवारी गॅरेज बंद, पण मालक किल्ली तुमच्याकडे ठेवून जायचे आणि चाळीतल्या कोणाची ना कोणाची गाडी तुम्ही तिथे बघायचात. मदतीला मी. इंजिन आधी गरम करायचं. मग चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढून बाजूला. पहिल्यांदा भोकावर अंगठा. ‘‘आधी अंगठ्याला विचारायचं, मग गेजला,’’ असं तुम्ही म्हणायचात. मग गेज आत पिळून बसवायचं आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर, उजवा पाय एक्सिलरेटरवर तळापर्यंत, हात किल्लीवर. तुम्ही ‘‘मार!’’ म्हटलंत की स्टार्टर मारायचा, ‘‘बास!’’ म्हटलंत की सोडायचा. काटा जिथे थांबेल तो आकडा तुम्ही खडूने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहायचात. पाय तळाला का लागतो, हेही तुम्हीच शिकवलं होतं. वरून हवा आली नाही तर पिस्टन दाबणार काय? पाय अर्धा असेल तर चांगलं इंजिनही मेल्यासारखं दाखवतं. मी तेव्हा दहावीची परीक्षा दिलेली सोळा वर्षांची मुलगी, मला हे पाठ होतं.

त्या रविवारी आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकांची टॅक्सी होती. तेल पिते, चढाला दम टाकते, अशी तक्रार. तुम्ही माझ्याकडे न बघताच विचारलंत, ‘‘पाय तळाला?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ मार, बास. मार, बास. चार वेळा. नव्वद, नव्वद, पंच्याऐंशी, नव्वद. चांगल्या इंजिनाला एकशे तीस-चाळीस यायला हवं. तुम्ही प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल टाकून परत बघितलंत, काटा जरा वर गेला. तुम्ही हात पुसत काकांना म्हणालात, ‘‘पिस्टनच्या रिंगा गेल्या. उघडावं लागेल.’’ काकांनी एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही म्हटलंत म्हणजे झालं. तेव्हा प्रभादेवीहून, दादरहून, पार गिरगावातून लोक नुसतं तुमचं मत ऐकायला गाडी घेऊन यायचे. गॅरेज मालकाचं असलं तरी माणसं तुमच्या कानासाठी आणि अंगठ्यासाठी यायची.

इंजिन उघडलं आणि आत सगळं ठणठणीत होतं. सिलिंडरचे बोर चांगले, रिंगा चांगल्या. बिघाड भलताच होता, कार्बोरेटरच्या एका जेटमध्ये, तासाभराचं काम. टॅक्सी मात्र आठ दिवस उघडी पडली, आणि तीही गावाला जाणाऱ्या माणसांच्या भाड्याच्या दिवसांत. काका आपल्या दारात आले ते संध्याकाळचे. सगळी चाळ गॅलरीत. ‘‘तुमच्यावर डोळे मिटून गाडी सोडली मी,’’ ते ओरडले. ‘‘बरा-वाईट कळत नसला तर सांगायचा होता तसा! दुसऱ्याकडे नेली असती.’’ मी आत मोरीपाशी उभी होते. तुम्ही उंबऱ्यात होतात. तुम्ही म्हणालात, ‘‘चूक माझी. गेज बिघडलं होतं, मी तपासून घेतलं नाही.’’ एवढंच. आवाज वर नाही, खाली नाही.

गेज बिघडलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते मालकाच्या फियाटवर लावून बघितलंत आणि काटा बरोबर एकशे पस्तीसवर थांबला. हे मला माहीत आहे, कारण तुमचा डबा द्यायला मी गॅरेजच्या दाराशी आले होते. तुम्ही बराच वेळ त्या काट्याकडे बघत बसलात. मी डबा बाकावर ठेवला आणि पळाले. महिन्याभरात मालकाने तुम्हाला इंजिनाच्या कामावरून काढलं. काढलं असं कोणी म्हटलं नाही. ‘‘मामा, तुम्ही आता ब्रेक-क्लच बघा, वय झालं,’’ असं गोड बोलून. तुमचं वय तेव्हा पन्नासही नव्हतं, आज मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. पुढे निवृत्त होईपर्यंत तुम्ही ब्रेक आणि क्लच बघितलेत. गिरगावातून गाडी घेऊन कोणी आलं नाही.

तेव्हा बोलता आलं असतं. गॅलरीत सगळे होते तेव्हा एका वाक्यात काम झालं असतं. पण मला वाटलं, यांना कळलेलं नाही, आणि कळलेलं नाही तर उगाच कशाला. हेच मी स्वतःला चाळीस वर्षं सांगत आले. एक गोष्ट मात्र मला मोठी झाल्यावर कळली आणि तिने जास्त छळलं. चारही आकडे सारखेच कमी आले की तुम्ही आधी टेस्टवर संशय घ्यायचात, इंजिनावर नाही. ‘‘आकडा बघू नको, चौघांतला फरक बघ,’’ हे तुमचंच. बॅटरी, गेज, प्लगचं भोक, स्टार्टर, तुम्ही सगळ्यावर संशय घ्यायचात. त्या दिवशी एकच गोष्ट तुम्ही तपासली नाहीत. मी हो म्हटलं होतं ना.

असो. आज रविवार. खाली पार्किंगमध्ये, तिसऱ्या लेव्हलवर, आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि बॉनेट उघडलं. आईला घरात एकटं बसायचं नव्हतं, शिवाय मी काय तमाशा करते ते तिला बघायचं होतं. वॉचमन आला. ‘‘मॅडम, इधर रिपेरिंग अलाउड नहीं है.’’ मी म्हटलं, ‘‘रिपेरिंग नहीं, टेस्टिंग है.’’ तो म्हणाला, ‘‘वो भी नहीं है,’’ पण आईने त्याला लाडू दिला तेव्हा गेला. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, एवढं मला माहीत होतं. मोबाइलवर वाचून वाचून एक प्लग काढला. अंगठा लावायला गेले, तर भोक इतकं खोल की माझा हातच पोहोचेना. तुमचा आडदांड अंगठाही पोहोचला नसता. गेजला लांब नळी लावून कसंबसं बसवलं. बाहेर बॉनेटपाशी काटा बघायला कोणी नव्हतं, म्हणून मोबाइल गेजच्या समोर उभा करून ठेवला, चित्रण चालू करून. मग आत बसले. सवयीने उजवा पाय तळापर्यंत दाबला आणि मार म्हणणारं कोणी नसताना बटण दाबलं.

काही झालं नाही. दिवा लागला, गाडी गप्प. मी पाय दाबून बसून राहिले. आईने विचारलं, ‘‘काय गो, बिघाडली?’’ गाडीच्या स्वतःच्या मते ती चालूच होती. मग मध्येच, तिला वाटलं तेव्हा, इंजिन एकदम फिरलं, पाच-सात फेरे, आणि थांबलं. समोर लाल त्रिकोण आला, कसले कसले इशारे आले आणि त्यानंतर तिने ऐकायचंच बंद केलं. बटण दाबते आहे, पाय दाबते आहे, काही नाही. मोबाइलवर बघितलं. काटा शंभराच्या जरा पुढे जाऊन थांबला होता. एकशे तीस नाही, शंभर. गेलं हिचंही. मग परत वाचायला घेतलं, तर लिहिलेलं की असल्या इंजिनांत झडप उशिरा मिटते, त्यामुळे आकडा कमीच यायचा, जुन्या इंजिनांचं माप यांना लावू नये. आणि खरी टेस्ट घ्यायची तर कंपनीचा कॉम्प्युटर जोडूनच इंजिन फिरवावं लागतं, घरी जमत नाही. म्हणजे मला जो आकडा मिळाला तो चांगला की वाईट, तेही मला सांगता येत नव्हतं. बाकीच्या तीन सिलिंडरांना तर हातही लागला नाही. फरक बघायचा तो कोणाकोणात? बाबा, मला रडू आलं. गाडीसाठी नाही.

गेज परत ठेवायला पेटी पूर्ण रिकामी केली तेव्हा पंच्याच्या खाली ते सापडलं. आधी मला वाटलं कुठल्या तरी हत्याराची मूठ असेल. बाहेर काढलं तर लाटणं. खाली मूठ कापून तिथे टायरच्या रबराचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला, वरच्या टोकाला खोल खाच पाडलेली. तुमच्या करवतीची ती तिरकी खाच मी कुठेही ओळखेन. मग परत गाडीत बसले आणि रबराचं टोक एक्सिलरेटरवर ठेवून खाच सीटच्या पट्टीला अडकवून बघितली. चार बोटं कमी पडलं. माप टॅक्सीचं होतं, माझ्या पायाच्या जागी लावायचं.

आईने लांबूनच ओळखलं. ‘‘तां माझां लाटणां!’’ ती खुर्चीतून उठायलाच लागली. ‘‘माझां चांगलां सागवानी लाटणां. कापल्यानी तुझ्या बाबांनी. पंधरा दिवस बाटलीन लाटतसलंय मी, आठवता तुका?’’

आठवत होतं. ती बाटली, त्या वाकड्या पोळ्या आणि त्यावरून तुम्हा दोघांचं झालेलं भांडण. लाटणं कुठे गेलं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मी आईला विचारलं, हे कधीचं? ‘‘त्या टॅक्सीच्या भानगडीनंतरचा,’’ आई म्हणाली. ‘‘मी बोललंय, माणसां काय कमी आसत पाय ठेवूक? पोरगी आसा घरात. तर म्हणाले, पोरीक आता बोलवूचा नाय. ती मोठी झाली. गॅरेजासमोर रसाच्या गुऱ्हाळात तिच्यो मैत्रिणी उभ्यो रवतत.’’

मग ती लाटणं मागायला लागली. रबर काढून, घासून दिलं तर अजून चालेल, म्हणते. मी म्हटलं देते.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. नुसता पाय नाही, पाय का उचलला गेला तेही. बॉनेटच्या फटीतून तुम्हाला समोरची काच दिसत असणार, आणि काचेतून मी. तर आता मी सांगते, तुम्हाला माहीत असलं तरी. माझ्या वर्गातल्या चौघीजणी टायपिंगच्या क्लासहून येऊन समोरच्या गुऱ्हाळात रस पीत उभ्या होत्या. मी तेलकट टॅक्सीत बसलेली, बाहेर तुम्ही गंजी घालून, कोपरापर्यंत काळे हात. त्यांनी बघू नये म्हणून मी बाजूच्या सीटवर आडवी वाकले, डोकं खाली. हात किल्लीवर राहिला, पाय उचलला गेला. त्या रस संपवून जाईनात म्हणून मी चारही वेळा, आणि तेल टाकून परत बघितलंत तेव्हाही, तशीच वाकून होते. तुम्ही विचारलंत पाय तळाला, मी वाकूनच हो म्हटलं.

त्यानंतर तुम्ही मला रविवारी कधी बोलावलं नाहीत. ‘‘अभ्यास कर,’’ म्हणालात. मला सुटल्यासारखं वाटलं. कॉलेजला जायला लागले तेव्हा रोज त्याच रस्त्याने जायचे, मैत्रिणींसोबत. गॅरेज यायचं तेव्हा तुम्ही नेहमी कुठल्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून वाकलेले असायचात, पाठ रस्त्याकडे. रोज. ब्रेकचं आणि क्लचचं काम करणारा माणूस रोज सकाळी त्याच वेळी बॉनेटमध्ये काय बघत असतो, हा प्रश्न मला आज, पार्किंगमध्ये, आईच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसल्यावर पडला.

उद्या सर्व्हिस सेंटरला फोन करून इंजिन उघडा म्हणून सांगणार आहे. त्यांचं बरोबर आहे की चूक, ते मला कळायचं नाही. तुमचं गेज पुसून परत पंच्यात गुंडाळलं. हे पत्र पेटीत ठेवावं असं मनात होतं, पण लाटण्यासाठी आई पेटी उघडल्याशिवाय राहायची नाही, आणि अक्षर तिला अजून लागतं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवेन, नाहीतर फाडेन.

आणखी एक राहिलं. कॉलेजला जाताना मी एकदाही तुम्हाला हाक मारली नाही. तुमची पाठ दिसली की मला बरं वाटायचं.